उपकार कीं भागी? दारिद्र्यनिवारणाच्या एका प्रयोगाचा इतिहास

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या पुस्तिकेंत मंदिराची पायाभरणी, शाळेचा आरंभ व आजवर येथें सेवा करून गेलेले धर्मगुरू यांचे वृत्तांत इतर लेखकांनीं दिलेच आहेत. संपादक मंडळानें आमच्याकडेही एक ऐतिहासिक लेख मागितला, तेव्हां आम्हीं जरा निराळा विषय निवडला. त्याचें कारण आरंभींच सांगून टाकणें बरें. ज्युबिलीची आठवण म्हणून आपल्यांतील कांहीं सुखवस्तु कुटुंबांनीं एक निधि जमविला आहे. बाहेरची एक संस्था त्यांत आपला वाटा घालण्यास तयार आहे. आणि या पैशाचा उपयोग धर्मग्रामांतील भूमिहीन व मोलमजुरी करणाऱ्या घरांसाठीं व्हावा, असें सर्वांच्या मनांत आहे. हेतूविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो असा कीं, पांच वर्षांनीं हें कार्य सफल झालें कीं निष्फळ, हें ओळखावयाचें कशावरून? घाईनें उत्तर देण्यापेक्षां ज्यांनीं आपल्याआधीं असे संयुक्त प्रयत्न केले त्यांची हकीकत पाहावी, असें आम्हांस वाटलें.

या बाबतींत आमचा स्वतःचा एक अनुभव आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाहीं. तरुणपणीं आम्ही जेथें सहायक धर्मगुरू होतों, तेथें एका परगांवच्या संस्थेच्या साहाय्यानें गरजू बायकांना शिवणयंत्रें वांटण्याची योजना चालविली होती. वर्षाखेरीस अहवाल लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. यंत्रें किती वांटलीं, समारंभास कोण उपस्थित होते, हें सर्व आम्हीं व्यवस्थित लिहिलें. संस्था संतुष्ट झाली, आम्हीही झालों. तिसऱ्या वर्षीं एका आजारी म्हातारीला पवित्र कम्युनियन देण्यास गेलों असतां तिच्या घरांत तें यंत्र दिसलें. त्यावर पाण्याची कळशी ठेविली होती. आम्हीं विचारलें तेव्हां सून म्हणाली, “फादर, शिवायला कापड कोण देतो? आणि सुई मोडली तर दुसरीसाठी तालुक्याला जावं लागतं.” ही गोष्ट आम्हांला तोंवर कोणीं विचारली नव्हती, आणि आम्हीं लिहिलेल्या अहवालांत तिला जागाही नव्हती.

आतां इतिहासाकडे वळूं.

जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नांवाचा डोंगराळ व त्या काळीं फार गरीब असा मुलूख आहे. तेथें हाम या गांवीं ३० मार्च १८१८ रोजीं फ्रीड्रिक विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म झाला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे, श्रद्धाळु गृहस्थ होते. डोळ्यांच्या विकारामुळें त्यांना सैन्यांतील नोकरी सोडावी लागली व ते मुलकी खात्यांत आले. १८४५ सालीं वायरबुश व आसपासच्या गांवांचे ते प्रमुख झाले. हा हुद्दा आपल्याकडील पाटील व मामलेदार यांच्या दरम्यानचा समजावा. दुसऱ्याच वर्षीं पीक बुडालें, बटाट्यांवर रोग पडला, आणि १८४६–४७ च्या हिवाळ्यांत लोकांची उपासमार होऊं लागली. रायफायझन यांनीं सधन लोकांकडून पैसा उभा केला, पीठ आणविलें, गांवांत भट्टी घातली, व पाव उधारीवर देण्याची व्यवस्था केली. पुढें सुगी झाल्यावर गरिबांनीं ती उधारी फेडावयाची होती.

येथवर ही कथा आपल्या ओळखीची आहे: दुष्काळ पडतो, श्रीमंतांच्या मनाला पाझर फुटतो, आणि एक कर्ता माणूस मध्यें उभा राहतो. कथेचा खरा भाग यापुढें आहे. १८४८ सालीं त्यांची बदली फ्लॅमर्सफेल्ड येथें झाली. तेथील शेतकऱ्याचा वैरी दुष्काळ नव्हता. गुरांचा व्यापारी होता. गाय उधारीवर घ्यावी, हप्ता चुकला कीं ती परत द्यावी, आणि कर्ज मात्र डोक्यावर राहावें, असा तो फास होता. रायफायझन यांनीं १८४९ सालीं सुमारें साठ सुस्थित रहिवाशांचें एक साहाय्य मंडळ काढलें. या साठांनीं आपल्या पतीवर पैसा उभा करावयाचा, गुरें विकत घ्यावयाचीं, व गरीब शेतकऱ्याला पांच वर्षांच्या हप्त्यांनीं द्यावयाचीं, असा बेत होता. पुढें १८५४ मध्यें हेडेसडॉर्फ येथें त्यांनीं याहून मोठें परोपकारी मंडळ स्थापिलें. अनाथ मुलांचा सांभाळ, तुरुंगांतून सुटलेल्यांना आधार, गरिबांना कर्ज, हीं सर्व कामें त्या एका मंडळानें अंगावर घेतलीं.

कांहीं वर्षांतच त्यांतील बहुतेक कामें गळून पडलीं. कर्ज देण्याचें काम तेवढें उरलें, आणि तेंही लंगडूं लागलें. कारण उघड होतें. जबाबदारी श्रीमंतांच्या डोक्यावर होती व कर्ज गरिबांच्या हातीं होतें. श्रीमंताला या व्यवहारांत मनाच्या समाधानापलीकडे कांहीं मिळत नव्हतें, आणि असें समाधान दरसाल नव्यानें उत्पन्न होत नसतें. गरीब तर मंडळाचा सभासदच नव्हता. त्याला अर्ज करतां येत होता, प्रश्न विचारतां येत नव्हता. शेवटीं १८६४ सालीं रायफायझन यांनीं मंडळाचा पायाच बदलला. ज्याला कर्ज हवें त्यानें सभासद झालें पाहिजे. सर्व सभासद एकमेकांच्या कर्जाला अमर्यादित जबाबदार. संस्थेचें क्षेत्र लहान, म्हणजे जेथें सर्व एकमेकांना ओळखतात तेवढेंच. हिशेबनीस सोडून कोणालाही वेतन नाहीं. आणि नफा वांटून न घेतां राखीव निधींत टाकावयाचा. पुढील वर्षीं प्रकृतीमुळें त्यांना नोकरी सोडावी लागली. डोळे जवळजवळ गेले होते. १८६६ सालीं त्यांनीं या पतसंस्थांविषयीं पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढील काळांत त्यांचा पत्रव्यवहार त्यांची कन्या आमाली पाहत असे. ११ मार्च १८८८ रोजीं ते वारले.

आम्हांला या चरित्रांत विशेष वाटतें तें असें कीं, या गृहस्थानें पंधरा वर्षांचें आपलें काम चुकीच्या पायावर होतें हें स्वतः ओळखलें. ती चूक त्यांस खुशीनें मान्य झालेली नव्हती. श्रीमंतांची ख्रिस्ती प्रीति पुरेशी आहे असें त्यांस मनापासून वाटत असे. नव्या मंडळींत आलेला बदल मात्र पाहण्याजोगा आहे. जुन्या मंडळाला वर्षाखेरीस कळत असे कीं गाई किती दिल्या. नव्या मंडळींत शेजाऱ्याला रोज सकाळीं कळत असे कीं गाय दूध देते कीं नाहीं, कारण ती भाकड निघाली तर भुर्दंड त्याच्याही खिशाला बसणार होता. कार्याची पारख करावयास वेगळा परीक्षक आणावा लागला नाहीं. मात्र याच नियमाची दुसरी बाजूही होती. ज्याच्यापाशीं गुंठाभर जमीनही नाहीं त्याला अमर्यादित जबाबदारीच्या संस्थेंत कोण शेजारी घेणार? त्याचें कर्ज आपल्या डोक्यावर कोण ओढवून घेणार? मधल्या शेतकऱ्याला तारणारी ही युक्ति सर्वांत खालच्याला दाराबाहेरच ठेवूं शकते. ही शंका आम्ही येथें नोंदवून ठेवितों. पुढें ती पुन्हां उभी राहणार आहे.

या प्रयोगाकडे हिंदुस्थानचें लक्ष जाण्यास एक कारण आपल्याच मुलखांत घडलें होतें. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले, व हें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कायद्यानें सावकाराचा हात धरला, परंतु शेतकऱ्याला दुसरा हात दिला नाहीं. हें ओळखून न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे व सर विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना आंखली. भांडवलदारांनीं पैसा घालावा, सरकारनें वसुलीस साहाय्य करावें, आणि रयतेला रास्त व्याजानें कर्ज मिळावें, अशी ती तिघांची भागी होती. लॉर्ड रिपन यांच्या सरकारची तिला अनुकूलता होती. लंडनहून मान्यता आली नाहीं. ती पेढी निघाली असती तर काय झालें असतें, यावर तर्क लढविण्यांत अर्थ नाहीं.

पुढें मद्रास इलाख्यांत फ्रेडरिक निकल्सन यांनीं १८९५ व १८९७ सालीं अहवाल लिहून रायफायझन यांचा मार्ग सुचविला. त्यांच्या मतें या देशाला कायद्यापेक्षांही तसा माणूस हवा होता. कायदा १९०४ सालीं झाला. माणूस कायद्यानें मिळत नाहीं. तरी मुंबई इलाख्यांत १९०५ सालीं धारवाड जिल्ह्यांतील कणगिनहाळ येथें पहिली सोसायटी निघाली, आणि पाहतां पाहतां त्या शेंकड्यांनीं वाढल्या. मॅक्लॅगन समितीनें १९१५ सालीं त्यांची तपासणी केली, तेव्हां दिसून आलें कीं पुष्कळ सभासद सोसायटीला सरकारी पैशाचें एक दार समजतात, आणि जुनें कर्ज वहीत फेडलेलें दाखवून त्याच दिवशीं तेंच पुन्हां नवें म्हणून लिहितात. कागदावर वसुली उत्तम, घरीं कर्ज होतें तेवढेंच!

याच काळांत आपल्या धर्ममंडळींतील लोकही स्वस्थ बसले नव्हते. पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं कामकऱ्यांच्या स्थितीविषयीं प्रसिद्ध केलेल्या विश्वपत्रांत श्रमिकांनीं परस्परसाहाय्यासाठीं संघ करावे, असें सांगितलें होतें. छोटा नागपूरमध्यें जेझुइट फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन मुंडा लोकांत काम करीत होते. ते जर्मन होते. मुंडारी भाषेचें व्याकरण व विशाल कोश यांमुळें त्यांचें नांव विद्वानांत आहेच. आमच्या विषयाला महत्त्वाचें तें असें कीं, आदिवासींच्या जमिनीचें रक्षण करणारा १९०८ चा कुळकायदा घडविण्यांत त्यांचा मोठा हात होता, आणि लगेच दुसऱ्या वर्षीं, १९०९ सालीं, त्यांनीं कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. कायदा जमीन वांचवील, परंतु बियाणासाठीं पैसा देणार नाहीं, आणि बियाणासाठीं सावकाराकडे गेलेला माणूस कायद्यालाही वळसा घालावयास शिकतो, हें त्यांनीं जाणलें होतें. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, जर्मन म्हणून त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. त्यांच्या मागें संस्था चालू राहिली. संस्थापक गेल्यावर संस्थेचें काय होतें, ही कोणत्याही कार्याची एक कठोर परीक्षा असते; धर्मगुरूंच्या बदल्या होतात, म्हणून आम्हांला तर ती विशेष लागू आहे. वसईस मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं १९१८ सालीं सुरू केलेली कॅथलिक सहकारी बँक वाचकांना ठाऊकच आहे. तिच्याविषयीं लिहिण्यास आमच्याहून अधिक अधिकारी लेखणी मिळेल.

स्वातंत्र्यानंतर पहिल्यानेंच कोणीं देशभर फिरून खरा हिशेब घेतला. रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या, गोरवाला अध्यक्ष असलेल्या समितीनें १९५१–५२ सालचें ग्रामीण कर्ज तपासलें. ७५ जिल्हे, ६०० गांवें, सव्वा लाखाहून अधिक कुटुंबें इतकी ती पाहणी मोठी होती. समितींत आपले धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ सालीं अहवाल निघाला. पन्नास वर्षें चाललेल्या सहकारी चळवळीनें शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकीं किती कर्ज पुरविलें होतें? शेंकडा ३.१. सरकारनें शेंकडा ३.३. आणि धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून सुमारें ७०. सोसायट्यांची संख्या मोजणाऱ्यांना जें कधींच दिसलें नसतें, तें कर्जदाराच्या घरीं जाऊन विचारणाऱ्यांना दिसलें. शिवाय असेंही आढळलें कीं, सोसायट्यांनीं जें थोडें दिलें त्यांतही मोठा वाटा मोठ्या शेतकऱ्यांकडे गेला. आमची मघांची शंका येथें आंकड्यांनीं खरी ठरली. दाराबाहेरचा माणूस बाहेरच राहिला होता.

समितीनें यावर उपाय सुचविला तो राज्याच्या भागीचा: सरकारनें स्वतः भांडवल घालून सहकारी संस्थांत भागीदार व्हावें. हेतु असा कीं, सावकार व गांवचा पुढारी यांच्या संगनमतापुढें दुबळ्या संस्थेला बळ मिळावें. बळ मिळालेंही, परंतु भागीदार बलाढ्य असला कीं संस्था कोणाची हा प्रश्न उभा राहतो. पुढील दशकांत सरकारी नेमणुका, निवडणुकीपूर्वीं कर्जमाफीचीं आश्वासनें, लांबविलेल्या निवडणुका, हें सर्व आपण पाहिलें. २००४ मध्यें नेमलेल्या वैद्यनाथन समितीनें राज्याचा हात मागें घ्यावा, अशी शिफारस केली. पन्नास वर्षांत औषध रोगाच्या यादींत जाऊन बसलें.

आपल्या महाराष्ट्राचा सर्वांत यशस्वी सहकार म्हणजे साखर कारखाना. विठ्ठलराव विखे पाटील व गाडगीळ यांच्या खटपटीनें १९५० च्या सुमारास नगर जिल्ह्यांतील लोणी येथें प्रवरा कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यांनींच भागभांडवल घातलें, शेतकरीच मालक झाले, आणि त्या भागांत शाळा, दवाखाने, रस्ते आले. ज्या शेतकऱ्यानें भाग घेतला त्याचें दैन्य गेलें, हें नाकारणारा कृतघ्नच म्हणावा लागेल. परंतु सभासद होण्यास ऊस लागतो, आणि उसाला जमीन व पाणी लागतें. तो ऊस तोडावयास बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोचें जोडपें येतें. हिशेबांत त्या जोडप्याला “एक कोयता” म्हणतात. मुकादमाकडून त्यांनीं आगाऊ उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत हंगाम संपतो. ज्या कर्जाच्या फासापासून सुटण्यासाठीं वेस्टरवाल्डमध्यें सहकार जन्मला, तोच फास सहकारी कारखान्याच्या फाटकाबाहेर, कारखान्याच्याच कामासाठीं, दुसऱ्यांच्या गळ्यांत आहे. भागीदारीची पारख भागीदारांनाच विचारून केली तर हें कोयत्याचें जोडपें तींत कधींच सांपडणार नाहीं.

अलीकडचा एक प्रयोग सांगून हा वृत्तांत आंवरतों. गरीब बायकांच्या गटांना विनातारण लहान कर्जें देण्याची पद्धति बांगला देशांतून सर्वत्र पसरली, आणि तिनें दारिद्र्य हटतें असें छातीठोकपणें सांगितलें जाऊं लागलें. मुंबईंत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी व त्यांच्या सहकारी एस्तेर डुफ्लो आदींनीं तें खरोखर तपासावयाचें ठरविलें. हैदराबादेंत १०४ वस्त्या निवडल्या; त्यांतील ५२ वस्त्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून एका संस्थेनें आधीं कर्जें सुरू केलीं, उरलेल्या ५२ तशाच ठेविल्या, आणि मग दोन्हींकडील घरांची तुलना केली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष संयमाचा होता. आधींचा धंदा असलेल्या कांहींचा धंदा वाढला, कांहींनीं घरांत टिकाऊ वस्तु घेतल्या. परंतु सरासरी घराच्या एकूण खर्चांत लक्षणीय वाढ दिसली नाहीं, मुलांचें शिक्षण, आरोग्य किंवा बायकांचा घरांतील अधिकार यांतही ठळक फरक दिसला नाहीं. मधल्या काळांत, २०१० सालीं, त्याच आंध्र प्रदेशांत वसुलीच्या जाचाविरुद्ध ओरड होऊन सरकारला वटहुकूम काढावा लागला. तोंवर या संस्था आपली जवळजवळ पूर्ण वसुली हेंच यशाचें प्रमाण म्हणून दाखवीत असत. एकीकडचें कर्ज दुसरीकडून काढून फेडणारी बाई त्या वसुलींत कशी दिसावी?

चिठ्ठ्या टाकून गरिबांत निवड करणें कांहींना निष्ठुर वाटेल. आम्हांलाही प्रथम वाटलें. परंतु पैसा सर्वांना पुरणारा नसतांना निवड तर होणारच. ती ओळखीनें होण्यापेक्षां चिठ्ठीनें होणें अधिक न्याय्य नव्हे काय? आणि न तपासलेलें औषध वर्षानुवर्षें पाजीत राहणें हें काय कमी निष्ठुर?

आतां आपल्या निधीविषयीं. धर्मग्राम मंडळापुढें आम्हीं जें मांडलें आहे तें येथेंही लिहितों, म्हणजे कोणाला नवल वाटणार नाहीं. निधीच्या समितींत सातांपैकीं तीन जागा ज्यांना जमीन नाहीं अशा घरांतील लोकांना असाव्यात, व त्यांतील एक तरी बाई असावी. कर्जाला जमिनीचें तारण मागूं नये. दोन शेजाऱ्यांचा शब्द पुरे मानावा. बाहेरच्या संस्थेनें प्रत्येक सहामाहीस किती घरांना साहाय्य झालें याचा तक्ता मागितला आहे. तो आम्ही देऊं, परंतु तिसऱ्या वर्षीं प्रत्येक घरीं जाऊन काय उरलें तें पाहण्याचा खर्चही त्या संस्थेनेंच द्यावा, असें कळविलें आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे. आमच्या कांहीं स्नेह्यांनीं विचारलें कीं, देणाऱ्यांवर अशा अटी घालणें औचित्याचें आहे काय? हेडेसडॉर्फचे सद्गृहस्थ कोणीं दुखावल्यामुळें गेले नाहींत. त्यांच्याकडून मागितलें काय जात आहे, हेंच त्यांना कधीं नीट कळलें नव्हतें.

आणखी एक गोष्ट. निधीच्या वह्या दोन असतील. पहिलींत ज्यांना कर्ज दिलें त्यांचीं नांवें. ती वही समितीच्या ताब्यांत राहील. दुसरींत ज्या अर्जांना नकार दिला त्यांची नोंद, नांवाशिवाय, परंतु नकाराच्या कारणासह. ही दुसरी वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या कचेरींत टेबलावर उघडी ठेविली जाईल, आणि ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना ती वाचून दाखविण्यास शाळेंतील वरच्या वर्गाचा एक मुलगा किंवा मुलगी तेथें बसेल.